बोस्टनचं स्थळ

नायिकेचं नाव लिली ब्लॉसम ब्लूम आणि तिचं दुकान फुलांचं. आपल्याकडे एखाद्या मुलीचं नाव शेवंता मोगरे ठेवावं आणि तिने मोठेपणी दादरच्या फुलबाजारात गाळा घ्यावा, त्यातला प्रकार. असं नाव सुरुवातीलाच भेटलं की चार पुस्तकं वाचलेला माणूस चष्मा कपाळावर सरकवतो आणि मनात म्हणतो, चला, दोन संध्याकाळी टवाळीची सोय झाली. पण लेखिका बिलंदर आहे. त्या नावाची टिंगल ती पात्रांकडूनच उरकून घेते. आपलं एकुलतं एक हत्यार असं गप्पांगप्पांत काढून घेतलं जातं आणि पुढची साडेतीनशे पानं आपण हात चोळत बसतो.

कादंबरीचं नाव ‘इट एंड्स विथ अस’. लेखिका कोलीन हूवर, राहणार टेक्सास. ही बाई आधी समाजसेवा खात्यातली नोकरी करायची. 2012 च्या जानेवारीत तिने पहिली कादंबरी स्वतःच प्रकाशित केली आणि मग थांबलीच नाही. ‘इट एंड्स विथ अस’ आली 2016 मध्ये. तेव्हाही खपली, पण खरी गंमत पाच वर्षांनी झाली. टिकटॉकवर मुली हे पुस्तक वाचून कॅमेऱ्यासमोर रडायला लागल्या. एकीला रडताना बघून दुसरीने पुस्तक घेतलं, तीही रडली, तिला बघून तिसरीने घेतलं, आणि जुनं झालेलं पुस्तक खपाच्या याद्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं. आपल्याकडे टिकटॉकवर 2020 च्या जूनमध्येच बंदी आल्यामुळे हे अश्रू आपल्याला इन्स्टाग्रामवरून, जरा उशिरा आणि जरा शिळे मिळाले. पण मिळाले.

अश्रूंच्या मागोमाग चोरटी आवृत्ती आली. फाउंटनच्या फुटपाथवर या बाईंच्या पुस्तकांची चळत लागलेली असते. विक्रेत्याने वाङ्मयप्रकार स्वतःपुरते लावून घेतलेले आहेत. एका बाजूला श्रीमंत कसं व्हावं, दुसऱ्या बाजूला श्रीमंत होऊनही शांत कसं राहावं, आणि मधे हूवर. मी नुसती थबकले तर म्हणाला, “रोनेवाला चाहिए ना मॅडम? ये लो, इसमें गॅरंटी है.” गॅरंटी खोटी नव्हती, पण डिंकाची नव्हती. अर्ध्यात गेल्यावर पानं सुटायला लागली. काही पानांवर शाई इतकी फिकी की नायकाने नेमकं काय म्हटलं ते अंदाजाने ठरवावं लागतं. प्रेमकथेत त्यावाचून फारसं अडत नाही हे त्यातल्या त्यात बरं. नंतर मी दुकानातून रीतसर प्रत घेतली, कारण ज्या बाईने आपल्याला रडवलं तिला तिचे पैसे मिळायला हवेत, एवढी व्यवहारबुद्धी माझ्यात शिल्लक होती.

हे पुस्तक वाचायला मला लावलं भाचीने. तिने फोनवर कथा सांगितली नाही. म्हणाली, “मावशी, रुमाल घेऊन बस.” मग रोज रात्री मेसेज. कुठपर्यंत आलीस? खुर्ची झाली का? जिना झाला का? अजून रडली नाहीस? शेवटच्या प्रश्नात काळजीचा सूर होता. रक्ताचा रिपोर्ट अजून आला नाही म्हटल्यावर डॉक्टर काढतात तो. हल्लीच्या पोरींमध्ये कोण कोणत्या पानावर रडलं याची उघड मोजदाद असते. लवकर रडणारी भावनाप्रधान, उशिरा रडणारी खंबीर, आणि जी रडलीच नाही तिच्याशी जरा जपून वागायचं.

खरं तर रडण्याच्या बाबतीत मराठी वाचकाला टेक्सासहून शिकवणी लावायची गरज नव्हती. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात बसून ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हापासून महाराष्ट्रातली घरंच्या घरं एका पुस्तकावर रडत आली आहेत. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’ने पोरांना हॉस्टेलच्या गच्चीत रडवलं. तिच्यावर 2013 मध्ये सिनेमा निघाला तेव्हा तीच पोरं टक्कल घेऊन, बायकामुलांसह थेटरात जाऊन पुन्हा रडली. फरक इतकाच की आपण लपून रडायचो. पुस्तक तोंडासमोर उभं धरायचं आणि आतून कुणी हाक मारली तर “सर्दी झालीय” म्हणायचं. रडतानाचा फोटो काढून चारशे लोकांना पाठवायचा असतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आमची समीक्षा होती, पण तिची जागा वेगळी होती. वाचनालयाच्या पुस्तकाचं शेवटचं कोरं पान. बाबा कदमांची किंवा चंद्रकांत काकोडकरांची कादंबरी घरी आणली की आधी मागून उघडायची. तिथे निळ्या-काळ्या शाईत मागच्या वाचकांचे शेरे असत. ‘अप्रतिम. जरूर वाचा.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘काही अप्रतिम नाही. वेळ फुकट.’ त्याखाली, ‘ज्याला वेळ फुकट वाटतो त्याने पंचांग वाचावे.’ मधेच कुणा परोपकारी माणसाने ‘नायिका शेवटी मरते’ असं लिहून ठेवलेलं असे. एकदा तर एका प्रसंगाच्या समासात थरथरत्या अक्षरात ‘हलकट मेला’ एवढंच होतं. खलनायकाला, की नवऱ्याला, हे कळायला मार्ग नव्हता. तारे देऊन पुस्तकं मोजण्याची पद्धत आल्यापासून असा जिवंत अभिप्राय वाचायला मिळत नाही.

आणि ज्यांना या पुस्तकांची लाज वाटते त्यांच्यासाठी एक गोष्ट. चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही कथा 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली. अश्लीलतेचा खटला झाला आणि तो पार दिल्लीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1969 साली न्यायालयाने सांगितलं की ही कथा अश्लील नाही. म्हणजे मराठी प्रेमकथेकडे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने गंभीरपणे पाहिलं. मराठी समीक्षकांचा नंबर अजून लागायचा आहे.

असो. बोस्टनला परत जाऊ.

आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. डोळे शाबूत, पण पुस्तक इंग्रजी. मी रोज रात्री दिवाणखान्यात बसून मन लावून काय वाचते याची त्यांना उत्सुकता लागली आणि मग जेवणं झाली की त्या दिवसाचा भाग मराठीत सांगायचा असा रिवाज पडला. त्यांची मालिका त्याच वेळेला असते, पण तिच्यात तीन महिने एकच साखरपुडा चालू होता.

पहिला भाग असा. बोस्टनमधल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर लिली बसली आहे. नुकताच वडिलांचा अंत्यविधी झालाय. तिथे एक देखणा तरुण तणतणत येतो आणि गच्चीतल्या खुर्चीला लाथा घालायला लागतो.

“खुर्ची कुणाची?” सासूबाई.

“सोसायटीची असेल.”

“मग ठीक आहे. आणि हा कोण?”

“न्यूरोसर्जन आहे, आई. रायल किनकेड नाव.”

सासूबाईंनी पदर सारखा केला. देवाशपथ सांगते, तो बोस्टनच्या गच्चीवर होता आणि या डोंबिवलीत सोफ्यावर, तरी पदर सारखा केला. “मेंदूचा डॉक्टर? मग मारली एक लाथ तर काय झालं? दिवसभर लोकांची डोकी उघडायची म्हणजे माणसाचं स्वतःचं डोकं ठिकाणावर राहणार आहे का?”

इथून पुढे आमच्या घरात ती कादंबरी राहिलीच नाही. ते एक स्थळ झालं. मुलगा तिशीचा. बोस्टनला मोठ्या हॉस्पिटलात. एक बहीण, लग्न झालेली, श्रीमंत घरी दिलेली, स्वभावाने गोड. ती तर नुसता वेळ जात नाही म्हणून लिलीच्या दुकानात काम करायला येते. “म्हणजे नणंदेचा त्रास नाही,” सासूबाईंनी नोंद केली. मुलाला लग्न करायचं नाही, प्रेमाबिमावर विश्वास नाही, असं तो स्वच्छ सांगतो. “सगळेच सांगतात. हासुद्धा सांगत होता,” असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्राच्या आडोशाला असलेल्या आपल्या मुलाकडे बोट दाखवलं. वर्तमानपत्र हललं नाही.

मग तो प्रसंग येतो ज्यावर जगभरच्या मुली विरघळल्या. लिली कुठल्या फ्लॅटमध्ये राहते हे रायलला माहीत नाही, म्हणून तो तिच्या इमारतीतली एकोणतीस दारं ठोठावतो. भाचीने आपल्या प्रतीत या ओळीखाली गुलाबी पेनाने दुहेरी रेघ मारली होती. आमच्या सोसायटीत कुणी एकोणतीस दारं वाजवली असती तर तिसऱ्या मजल्यावर वॉचमनने बकोटी धरली असती आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लागली असती. पण डॉक्टर असला की पाठलागाला ध्यास म्हणतात.

कादंबरीत काही पानं अशी आहेत की सासूबाईंना सांगता येत नाहीत. ती आली की मी “मग त्यांची मैत्री वाढली” एवढं म्हणून पुढे जायची. पुढच्या रात्री पुन्हा मैत्री वाढली. त्याच्या पुढच्या रात्रीही वाढली. अखेर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “बरीच वाढतेय गं मैत्री. आता लग्न लावून टाका.” लेखिकेनेही तोच विचार केला असावा. दोघं उठून लास व्हेगासला जातात आणि झटपट लग्न करून येतात. मानपान नाही, रुखवत नाही, आहेर नाही. नवरदेव मग बायकोला न विचारता बहिणीच्याच इमारतीत फ्लॅट घेतो आणि तो तिला आश्चर्याचा धक्का म्हणून दाखवतो. इथे वर्तमानपत्र पहिल्यांदा खाली आलं. माझा नवरा बँकेत आहे.

“फ्लॅट कोणाच्या नावावर?”

“ते लिहिलेलं नाही.”

“मग काय कादंबरी लिहिली तिने?” वर्तमानपत्र वर गेलं.

सगळीच वाखाणणी करायची नाही. भाषा पातळ आहे. बोस्टनची वस्ती पावणेसात लाखांच्या घरात, पण लिलीला नव्या शहरात भेटतात ती मोजून एकमेकांच्या नात्यातली माणसं. दुकानात नोकरी मागायला येणारी बाई नेमकी रायलची बहीण. जेवायला म्हणून शिरावं तर ते हॉटेल नेमकं लिलीच्या शाळकरी वयातल्या प्रियकराचं. या अ‍ॅटलसची कथा लिलीच्या जुन्या रोजनिशीतून येते आणि ती रोजनिशी म्हणजे एलन डीजेनेरस या टीव्हीवरच्या बाईंना लिहिलेली, कधीच न टाकलेली पत्रं आहेत. आम्ही त्या वयात फार तर विविध भारतीला फर्माईश पाठवत होतो, आणि ती खरोखर टाकत होतो. पंधरा वर्षांच्या मुलीने टीव्हीवरच्या बाईला मनातलं सगळं सांगावं, कारण घरात सांगण्यासारखं कुणी नाही, हे मात्र लेखिकेने बरोबर हेरलंय. घरात बाप आईला मारतो. बाप गावचा महापौर. त्यामुळे गावात कुणाला सांगायचीही सोय नाही.

अ‍ॅटलस हा घरातून हाकललेला, लिलीच्या मागच्या ओसाड घरात लपून राहिलेला पोरगा. लिली त्याला खायला नेऊन देते, आंघोळीला चोरून घरात घेते. पुढे तो लष्करात जाऊन येतो आणि बोस्टनमध्ये हॉटेल काढतो. सासूबाईंच्या तराजूत त्याचं पारडं काही केल्या खाली जाईना. “हॉटेलवाला,” त्या म्हणाल्या. लष्कराचं सांगितल्यावर थोडं गेलं. “पेन्शन आहे का?” म्हणून विचारलं. ते लेखिकेने लिहिलेलं नाही. भाची आणि तिच्या मैत्रिणी मात्र सगळ्या अ‍ॅटलसच्या बाजूच्या, आणि ही बाजू त्या आयपीएलमधल्या संघासारखी घेतात.

आता ओव्हनपाशी येऊ. भाचीने ज्याला ‘खुर्ची’, ‘जिना’ म्हटलं होतं त्या मालिकेतला हा मधला प्रसंग. संध्याकाळची वेळ आहे. दोघांनी वाईन घेतली आहे, मजेत आहेत. रायल ओव्हनमधलं भांडं हाताने धरून बाहेर काढायला जातो, हात भाजतो, भांडं पडतं, सगळा स्वयंपाक जमिनीवर. लिलीला हसू येतं. तिचं हसू थांबत नाही. आणि पुढच्या क्षणी तो हात फटकारतो, ती कोलमडते आणि तिच्या डोळ्याजवळ कपाटाची मूठ लागते.

हे मी सासूबाईंना सांगितलं. खोलीत जरा वेळ कुणी बोललं नाही.

मग त्या म्हणाल्या, “हात भाजला होता ना पण त्याचा.”

मी म्हटलं, “हो.”

“सर्जनचा हात. त्याचं पोट त्याच्यावर. आणि ही हसली.”

त्यांना हसायला मी मोकळी नाही. तोच हिशोब मी दुपारी गाडीत मनातल्या मनात करून आले होते. तो ओळीओळीला क्षमा मागतो, स्वतःच घाबरलाय, पुन्हा होणार नाही म्हणतो. मी ते पान दोनदा वाचलं ते त्याच्यासाठी काही सापडतंय का हे बघायला. बरं, मी एकटी नव्हे. आमच्या लेडीज डब्यात हे पुस्तक तोवर दोघीतिघींचं वाचून झालं होतं. एक शाळेत शिकवते, एक मंत्रालयात आहे. एकीने ‘मुद्दाम नाही मारलं त्याने’ म्हणून निकाल दिला, दुसरीने ‘वाईन’ म्हणून. इतक्या शिकल्यासवरल्या, कमावत्या बाया, आणि एका कागदी माणसाच्या जामिनासाठी डोंबिवली ते घाटकोपर युक्तिवाद चालला होता. कारण काय, तर मुलगा चांगला होता. डॉक्टर होता. एकोणतीस दारं वाजवली होती त्याने!

हूवरबाईंची खरी कारागिरी इथे आहे, आणि पातळ भाषेसकट ती मला मानावी लागली. नेहमीच्या कादंबरीत मारणारा नवरा पहिल्या पानापासून ओळखू येतो. दारू पितो, दात पिवळे, आवाज चढा. लिलीचा बाप तसा आहे, म्हणून आपण त्याच्यावर लगेच चिडतो. रायलला मात्र ती दीडशे पानं आपल्याकडून पास करून घेते. जावई म्हणून आपणच त्याला मुलगी दिलेली असते. मग हात उठतो आणि लिलीच्या आधी आपणच सारवासारव करायला धावतो. पुढे लेखिका आणखी एक सबब आपल्या हातात ठेवते. लहानपणी रायलच्या हातून खेळता खेळता गोळी सुटून त्याचा भाऊ गेला होता. वाचकाचा जीव कळवळतो. आता कुणाची छाती आहे त्याला वाईट म्हणायची? खुर्चीला मारलेल्या लाथा आपण कधीच विसरलेलो असतो. त्या पहिल्याच भेटीत होत्या आणि आपण विचारलं होतं, खुर्ची कुणाची.

दुसऱ्या खेपेला जिना येतो. लिलीच्या फोनच्या कव्हरमध्ये अ‍ॅटलसचा नंबर सापडतो, झटापट होते, ती जिन्यावरून खाली येते. रायल म्हणतो, तू पडलीस. तिसऱ्या खेपेचं मी इथे सांगत नाही. सासूबाईंनाही सांगितलं नाही. ती पानं गाडीत वाचवली नाहीत म्हणून मी घरी येऊन वाचली. पण जिना सांगितला त्या रात्री सासूबाईंनी नोकरी, पगार, फ्लॅट काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “तिला माहेरी कोण आहे?”

“आई आहे.”

“ती काय म्हणाली? परत जा म्हणाली?”

“नाही. ती स्वतः मार खात राहिली होती ना. म्हणाली, माझ्यासारखं करू नकोस, निघ.”

सासूबाई बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत बसल्या. मग एकदम म्हणाल्या, “तिकडे डॉक्टरचं लायसन काढून घेतात का?” आणि त्या रात्रीपासून रायल किनकेडच्या विरोधात आमच्या घरात जो खटला सुरू झाला, तो अजून निकाली निघालेला नाही. सोसायटीच्या खुर्चीचं प्रकरणसुद्धा पुन्हा उघडलं गेलं. हॉटेलवाल्याचं पारडं रातोरात खाली गेलं. “कष्टाने वर आलेला मुलगा,” असा त्याचा उल्लेख होऊ लागला.

नवऱ्याने वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं आणि आपला भाग उचलला. आपल्याकडे 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, 2006 च्या ऑक्टोबरपासून लागू, आणि घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बायकोला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, हे त्याने आम्हाला कलमांसह समजावलं. मॅसॅच्युसेट्सचा कायदा त्याला ठाऊक नव्हता, म्हणून रात्री तो बेचैन होता. अश्रूंच्या बाबतीत पुरुषांचं हे असं असतं. आत काही हललं की ते कागदपत्रं मागतात.

शेवट मी फोडणार आहे, ज्यांना नको त्यांनी परिच्छेद गाळावा. लिलीला मुलगी होते. बाळ बापाच्या हातात आहे. ती त्याला विचारते की उद्या ही मोठी होऊन तुझ्याकडे आली आणि म्हणाली, बाबा, माझा नवरा मला मारतो, तर तू तिला काय सांगशील? त्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते उत्तर हाच तिचा घटस्फोट. आरडाओरडा नाही, पोलीस नाही, पावसात धावणं नाही. इथे मी रडले. भाचीला कळवलं. तिने लगेच टाळ्या वाजवणाऱ्या हातांची चित्रं पाठवली.

आणि मला वाटलं होतं संपलं, तर मागे लेखिकेचं टिपण आहे. बऱ्याच जणी कादंबरीपेक्षा या टिपणावर जास्त रडतात, आणि ते योग्यच आहे. ती सांगते की तिची सगळ्यात जुनी आठवण ती अडीच वर्षांची असतानाची आहे, आणि ती म्हणजे बापाने टीव्ही उचलून आईच्या अंगावर फेकला. तिची आई त्या घरातून बाहेर पडली. लिलीची गोष्ट या आईसाठी लिहिलेली आहे. हे वाचल्यावर शेवंता मोगरेची थट्टा करणारे आपण थोडे अंग चोरून बसतो. थोडेच. नाव अजूनही विनोदी आहे.

इतकं वाचून झाल्यावर वाटतं की हे पुस्तक काय आहे ते निदान विकणाऱ्यांना तरी कळलं असेल. तर 2023 च्या जानेवारीत प्रकाशकांनी जाहीर केलं की या कादंबरीवर आता रंगभरणाचं पुस्तक काढतोय. म्हणजे बायकांनी निवांत बसून खडूंनी चित्रं रंगवायची. कसली? काळंनिळं करायला कादंबरीत एक नवरा आधीच आहे! वाचकांनी असा काही दंगा केला की लेखिकेला माफी मागून ते पुस्तक मागे घ्यावं लागलं. मग 2024 च्या ऑगस्टमध्ये सिनेमा आला. त्याच्या प्रसिद्धीत इतकी फुलं होती की लग्नाचा सीझन लागलाय असं वाटावं. अनेकांनी विचारलं, अहो, मारहाणीचं काय? पुढे नायिका झालेली ब्लेक लाइव्हली आणि रायल झालेला दिग्दर्शक जस्टिन बाल्डोनी यांचं भांडण कोर्टात गेलं. सासूबाई त्याही बातम्यांवर लक्ष ठेवून आहेत. मी त्यात पडत नाही.

पुढचा भागही निघाला आहे, 2022 मध्ये, ‘इट स्टार्ट्स विथ अस’. त्यात अ‍ॅटलस आणि लिली यांचं जुळतं. म्हणजे वाचकांनी मागितलं आणि लेखिकेने दिलं. गोड आहे, वाचावं, पण रुमाल लागत नाही. भाचीने त्याला पाच तारे दिले. सासूबाईंनी ऐकून घेतलं, संतोष व्यक्त केला आणि आपल्या मालिकेकडे परतल्या. तिथला साखरपुडा अजून चालूच होता.

माझी प्रत सध्या समोरच्या वहिनींकडे आहे. त्यांच्यानंतर मंत्रालयवालीच्या बहिणीचा नंबर, मग ज्यांना हवी त्यांनी न्यावी. मागचं कोरं पान मी मुद्दाम मोकळं ठेवलंय. वाचून झालं की त्यावर शेरा लिहावा, भांडावं, एकमेकींचं खोडावं, नायकाला शिव्या द्यायच्या तर अक्षर सुवाच्य असावं. फक्त ‘हात भाजला होता त्याचा’ असं कुणी लिहिलं, तर पुस्तक परत आणू नये. ते आधीच आमच्या घरात म्हणून झालेलं आहे.